‘ब्यूफोंचे मूळ चित्र’ घेण्यापूर्वी पान कोणत्या ग्रंथाचे, हे आधी ठरवा

आपण विचारले आहे की, पॅरिसमधील एका विक्रेत्याने ‘ब्यूफों, मूळ, १७७०’ अशा नोंदीसह देऊ केलेले पोपटाचे रंगीत छापचित्र घ्यावे का, आणि जुन्या फ्रेंच प्राणी-पक्षी छापचित्रांचा संग्रह करायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी. ही चित्रे बहुतांशी भिंतीवर लावण्यासाठी निघालेली नव्हती. ती कोणत्या ना कोणत्या ग्रंथातून सुटी केलेली पाने आहेत. त्यामुळे पान कोणत्या ग्रंथाचे आणि कोणत्या आवृत्तीचे, हे ठरेपर्यंत किमतीची बोलणी करू नयेत.

‘ब्यूफों’ या अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचे नाव या व्यापारात फारच सैलपणे वापरले जाते. ब्यूफोंचा ‘इस्त्वार नातुरेल’ (निसर्गेतिहास) हा अनेक खंडांचा ग्रंथ १७४९ पासून शाही मुद्रणालयातून निघू लागला. त्यातील चतुष्पादांची चित्रे प्रामुख्याने जाक द सेव्ह याने काढली आहेत आणि ती काळ्या शाईत, बिनरंगी आहेत. पक्ष्यांचे खंड १७७० पासून निघाले; त्यांच्या क्वार्टो (मध्यम आकाराच्या पानांच्या) आवृत्तीतील चित्रेही द सेव्हचीच आणि बिनरंगीच आहेत. रंगीत पक्षी ज्यांत आहेत ती ‘प्लांश आँल्युमिने’ (हाताने रंगवलेली चित्रपाने) ही वेगळी मालिका होय. ती ब्यूफोंचा सहकारी एद्म-लुई दोबाँतों (धाकटा) याच्या देखरेखीखाली निघाली आणि तिची चित्रे फ्रांस्वा-निकोला मार्तिने याने काढून कोरली. ४२ हप्ते आणि प्रत्येक हप्त्यात २४ पाने अशी एकूण १००८ पाने निघाली. त्यांपैकी ९७३ पक्ष्यांची आहेत. याखेरीज एकोणिसाव्या शतकात ब्यूफोंचे लेखन असंख्य वेळा पुन्हा छापले गेले आणि त्या आवृत्त्यांसाठी एदुआर त्राव्हिएस यांच्यासारख्या चित्रकारांनी नवी चित्रे काढली. तीही सुंदर आहेत आणि संग्रहात अवश्य असावीत, परंतु त्यांना १७७० सालचे म्हणून विकणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

म्हणून आपल्याला दाखवलेले चित्र आधुनिक नक्कल नसून जुने आणि रंगीत असेल, तर शक्यता तीन: ते मार्तिनेचे पान आहे, क्वार्टोमधील बिनरंगी पानावर पुढे कोणीतरी रंग चढवला आहे, किंवा ते एकोणिसाव्या शतकातील आवृत्तीचे आहे. याचा निकाल घरबसल्या लावता येतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर आणि ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर या ग्रंथांच्या प्रती विनामूल्य पाहता येतात. पानाचा क्रमांक आणि पक्ष्याचे छापलेले फ्रेंच नाव घेऊन तेच पान तेथे शोधावे आणि रेघ न् रेघ ताडून पाहावी. रंगाची छटा मात्र थोडी वेगळी दिसली म्हणून लगेच बनावट ठरवू नये. मार्तिनेच्या मालिकेवर ८० हून अधिक कलाकार व मदतनीस काम करीत होते. हाताने रंगवलेल्या पानांत एकाचा हिरवा दुसऱ्याच्या हिरव्याशी तंतोतंत जुळणार नाही, हे उघड आहे.

कागद हातात आल्यावर दहापट भिंगाखाली पक्ष्याच्या मानेवरील पिसे पाहावीत. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली रेघ शाईने किंचित उंचावलेली असते. हाताने दिलेला रंग तिच्यावर पातळ थरासारखा पसरलेला असतो आणि कोठे कोठे रेघेबाहेर थोडासा गेलेला असतो. आधुनिक ऑफसेट छपाईत त्याच जागी निळ्या, गुलाबी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. येथे नवखे लोक हमखास गोंधळतात, कारण ठिपके दिसले की ते ‘नक्कल’ म्हणून मोकळे होतात. फ्रेंच पक्षितज्ज्ञ लव्हायाँ याच्या पोपटांवरील ग्रंथातील (१८०१ ते १८०५) जाक बाराबाँची चित्रे ठिपक्यांच्याच कोरणीची आहेत. त्यांत एकाच पत्र्यावर निरनिराळ्या रंगांच्या शाया भरून छाप घेतला जाई आणि मग कुंचल्याने हात फिरवला जाई. त्यामुळे ठिपकेच रंगीत असतात आणि काळी बाह्यरेषा नसते. फरक असा की कोरणीचे ठिपके लहानमोठे असतात आणि पिसाच्या वळणाने जातात, जाळीचे ठिपके कोणत्याही वळणाला जुमानत नाहीत.

पत्रा दाबल्याने कागदावर उमटलेली चौकट पाठीमागूनही बोटाला जाणवली पाहिजे, पण एवढ्यावर विसंबू नये, कारण ही चौकट नंतर शाईशिवाय, नुसत्या पत्र्यानेही दाबता येते. अठराव्या शतकातील कागद उजेडासमोर धरला की बहुधा समांतर रेघा दिसतात. फ्रान्समध्ये गुळगुळीत, बिनरेघांचा कागद साधारण १७८० नंतर रुळू लागला.

सुरुवातीसाठी माझे स्पष्ट मत असे की, पोपटांच्या मागे लागू नये. बाराबाँची पाने सजावटकारांनी महाग करून ठेवली आहेत. त्याऐवजी द सेव्हचे बिनरंगी प्राणी पाहावेत: भग्न खांबांच्या पार्श्वभूमीवर चौथऱ्यावर उभा केलेला सांगाडा, नाटकातील पात्रासारखा समोर पाहणारा प्राणी. सिंह आणि मांजरांना गिऱ्हाईक अधिक असते; सांगाड्यांना कमी, आणि कोरणीचे खरे कसब मला तेथेच अधिक दिसते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दॉर्बिन्यी याच्या १८४० च्या दशकातील निसर्गेतिहास-कोशाची रंगीत पानेही बाजारात भरपूर येतात. मात्र केवळ सुटी पाने विकण्यासाठी धडधाकट ग्रंथ फोडणाऱ्याकडून खरेदी करणे मी टाळतो. बांधणी आधीच मोडलेल्या अपुऱ्या प्रतींतून पुरेशी पाने मिळतात.

मराठी वाचकाला रस वाटेल असा एक धागाही या मालिकेत आहे. आपल्या माळरानावरचा धाविक आणि तळ्यांवरची काणूक यांची पाने मार्तिनेच्या मालिकेत ‘कोरोमांडेलचे’ (भारताच्या आग्नेय किनाऱ्यावरचे) म्हणून आहेत, आणि दोघांच्या शास्त्रीय नावांत तो किनारा आजही टिकून आहे. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचे चित्र हवे असेल, तर फ्रेंच प्रवासी-निसर्गशास्त्रज्ञ पिएर सोनेरा याचा १७८२ चा प्रवासग्रंथ शोधावा. त्या पक्ष्याचे शास्त्रीय नावच सोनेरावरून पडले आहे. पानावर छापलेल्या स्थळावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मार्तिनेच्या मालिकेत ‘न्यू गिनीचा मोठा खंड्या’ म्हणून आलेला पक्षी प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियातील कुकाबरा आहे, आणि ती चूकही त्याच्या शास्त्रीय नावात कायमची बसली आहे.

जपणुकीबाबत थोडक्यात सांगतो. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात कागदावर तपकिरी ठिपके येतात आणि कसर लागते. चिकटपट्टी कधीही लावू नये. जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने पाठीमागे वरच्या कडेला लावाव्यात, आम्लरहित पुठ्ठा वापरावा आणि काच चित्राला टेकू देऊ नये. बाहेरच्या भिंतीवर, जिथे ओल येते, तिथे टांगू नये.

आता आपल्या पोपटाविषयी. विक्रेत्याकडून तीन छायाचित्रे मागवा: संपूर्ण पान चारही कडांसह, पाठीमागची बाजू तिरप्या उजेडात, आणि पक्ष्याच्या डोळ्याजवळचा भाग अगदी जवळून. पानावर क्रमांक असेल आणि ते मार्तिनेच्या पानाशी जुळले, तर घासाघीस करून घ्यावे. क्रमांक कापून टाकला असेल, किंवा विक्रेता पाठीमागची बाजू दाखवायला टाळाटाळ करीत असेल, तर घेऊ नये.