सोलापूर भागात शिकारीची साधनं काळानुसार कशी बदलत गेली?

इथल्या माळरानावरची जुनी साधनं म्हणजे पारध्यांचे फासे आणि वाघूर, म्हणजे शिकारीचं जाळं. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे छोटे फास एका दोरीवर ओळीने बांधायचे, दोरी खुंट्यांनी जमिनीलगत ताणायची आणि शिकवलेल्या गाईच्या आडोशाने तितरांना हळूहळू तिकडे वळवायचं. पाखरू जिवंत सापडायचं. नको ते सोडून देता यायचं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग ठासणीची बंदूक आली. नळीत दारू, वर छर्रे, गजाने ठासायचं, दारू पेटवणारी टोपी बसवायची; बार चुकला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. काडतुसांच्या बारा बोअर बंदुकीने तो वेळ वाचवला आणि जीपच्या प्रखर उजेडाने काळविटाची रात्रही हिरावली. माळढोक पक्ष्याच्या ऱ्हासामागे बंदूक होतीच, पुढे माळरानंही नांगराखाली गेली.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली, १९७९मध्ये नान्नजला माळढोक अभयारण्य झालं. चोरटी शिकार मात्र थांबली नाही. आता नायलॉनची जाळी आणि मोटारसायकलच्या क्लच वायरचे फास वापरतात. या फासांना ससा काय, लांडगा काय, सगळे सारखेच. बांधावर असा फास दिसला तर १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा.