अभिनयाचा अभ्यासक्रम, व्हिसा आणि पहिली भूमिका : लंडनला येऊ पाहणारीस उत्तर

तुमच्या पत्रातील बेत थोडक्यात असा आहे : महाविद्यालयात असताना तुम्ही चार वर्षे एकांकिका स्पर्धांत कामे केली, नंतर पाच वर्षे नोकरी केली, आणि आता लंडनमध्ये एक वर्षाचा अभिनयाचा अभ्यासक्रम करावा, शिकता शिकता छोट्या भूमिका मिळवाव्यात, यजमानांनाही सोबत आणावे आणि वर्षअखेरीस नटांना कामे मिळवून देणारा एजंट गाठून इथेच काम सुरू करावे, असे तुमच्या मनात आहे. आपल्या मराठी उच्चारांमुळे अडचण येईल का, हा प्रश्न तुम्ही शेवटी, जरा संकोचाने विचारला आहे. मी 2013 साली यजमानांच्या नोकरीमुळे आश्रित व्हिसावर इथे आले, संध्याकाळच्या वर्गांपासून सुरुवात केली आणि आता छोट्या नाट्यगृहांत व अधूनमधून दूरचित्रवाणीवर कामे करते. त्या अनुभवावरून सांगायचे तर तुमच्या बेतातील अभ्यासक्रम जमण्यासारखा आहे. शिकता शिकता भूमिका करणे मात्र जमणार नाही आणि बहुधा यजमानांनाही आणता येणार नाही. हे आधीच सांगते, कारण बहुतेक जण नाट्यशाळेची निवड आधी करतात आणि व्हिसाच्या अटी प्रवेश मिळाल्यावर वाचतात.

इथल्या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या अभ्यासक्रमाला असणाऱ्यांना सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला 20 तास काम करता येते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच अटींमध्ये पुढे असेही आहे की विद्यार्थ्याने व्यावसायिक खेळाडू किंवा करमणूक करणारा कलाकार म्हणून नोकरी करू नये आणि स्वयंरोजगारही करू नये. इथले बहुतेक नट स्वयंरोजगारित म्हणूनच काम करतात, त्यामुळे ही अट दोन्ही बाजूंनी आड येते. कॉफीच्या दुकानात काम करता येईल, नाट्यगृहात तिकिटे तपासता येतील, पण त्याच नाट्यगृहाच्या रंगमंचावर पैसे घेऊन उभे राहता येणार नाही. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून होणारे प्रयोग अर्थातच वेगळे. बिनपैशाच्या हौशी प्रयोगाबद्दल शंका आली तरी मित्रमैत्रिणींना विचारू नका. संस्थेतील आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या सल्लागाराकडून लेखी उत्तर घ्या. अटीचा भंग झाला तर पुढचा प्रत्येक अर्ज अडचणीत येतो.

यजमानांबद्दलही नियम कडक झाला आहे. 1 जानेवारी 2024 पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी, संशोधनावर आधारित पदव्युत्तर शिक्षण घेणारे आणि सरकारी शिष्यवृत्तीवर आलेले काही विद्यार्थी वगळता, कोणालाही जोडीदार किंवा मुले आश्रित म्हणून आणता येत नाहीत. अभिनयातील एक वर्षाची एम. ए. ही संशोधनाची नव्हे, वर्गात शिकवली जाणारी पदवी असल्यामुळे तिला ही सवलत नाही. यजमानांना स्वतःच्या नोकरीवर येणे शक्य असेल, तर मात्र सगळे गणितच उलटे मांडावे असे मी सुचवीन. त्यांनी कुशल कामगार व्हिसा मिळवावा आणि तुम्ही त्यांच्या आश्रित म्हणून यावे, कारण आश्रित जोडीदाराला नोकरीही करता येते आणि स्वयंरोजगारही, आणि अभिनयावर बंदी नसते. त्यांचा पेशा काय ते तुम्ही लिहिलेले नाही, पण तो पात्र नोकऱ्यांच्या यादीत बसत असेल तर हा मार्ग हळू असला तरी तुमच्या हेतूला सर्वांत जवळचा आहे. मी स्वतः याच मार्गाने आले. तेव्हा त्याचे मोल कळले नव्हते.

एकटीनेच विद्यार्थी म्हणून यायचे ठरले, तर नाट्यशाळेला पहिला प्रश्न असा विचारा की अभ्यासक्रमाच्या शेवटी पदवी मिळते की प्रमाणपत्र. इथे एक वर्षाचे कितीतरी अभ्यासक्रम चालतात, त्यांतील काही उत्तम आहेत, पण शेवटी हाती येतो तो संस्थेचा दाखला. शिक्षणानंतर राहून काम करण्यासाठी जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, तो अशा दाखल्यावर मिळत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेची पदवी यशस्वीपणे पूर्ण करावी लागते. त्याची मुदत आजवर 2 वर्षांची होती. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या बी. ए. आणि एम. ए. झालेल्यांना ती 18 महिनेच मिळेल. या व्हिसावर स्वयंरोजगार करता येतो आणि अभिनयही करता येतो, म्हणजे तुमची खरी सुरुवात होईल ती याच काळात. अठरा महिने ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यांतील पहिले सहा फोटो, एजंट आणि भाड्याची तजवीज यांतच जातात.

खर्चाचे फार लिहीत नाही, कारण शुल्क प्रत्येक संस्थेचे निराळे आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी नामवंत संस्थेत ते वर्षाला 20,000 पाउंडांच्या वर जाते, एवढे धरून चाला. त्याशिवाय लंडनमध्ये राहण्याच्या खर्चापोटी ठरलेली मासिक रक्कम, जास्तीत जास्त 9 महिन्यांची, सलग 28 दिवस बँकेत असल्याचे दाखवावे लागते आणि सरकारी आरोग्यसेवेपोटीचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पाउंड वेगळा भरावा लागतो.

संस्थांपैकी राडा म्हणजेच रॉयल अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्ट ही 1904 साली स्थापन झालेली संस्था सर्वांना ठाऊक असते. तिच्या तीन वर्षांच्या अभिनय पदवीला दरवर्षी अवघे 28 विद्यार्थी घेतात आणि अर्ज हजारोंनी येतात. तुमची पदवी झालेली असल्याने तुम्ही एक वर्षाच्या एम. ए. कडे पाहावे. लॅम्डा (लंडन अकॅडमी ऑफ म्युझिक अँड ड्रामॅटिक आर्ट), रॉयल सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा आणि एसेक्स विद्यापीठाचा भाग असलेले ईस्ट फिफ्टीन, या तिन्ही ठिकाणी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, आणि कुठे अभिजात नाटकांवर भर आहे तर कुठे स्वतः नाटक रचण्यावर. नावाच्या दबदब्यापेक्षा दोन गोष्टी विचारून घ्या : शेवटच्या सत्रात एजंट आणि भूमिकांसाठी नट निवडणारे कास्टिंग डायरेक्टर यांच्यासमोर सादरीकरण होते का, आणि कॅमेऱ्यासमोरचा अभिनय आठवड्यातून किती तास शिकवतात. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण पोट भरणारे काम बहुतेक कॅमेऱ्यासमोरचे असते आणि आपण रंगमंचावरून आलेली माणसे तिथे हमखास मोठ्याने बोलतो.

एवढा खर्च करण्याआधी चाचपणी करायची असेल, तर त्याचीही सोय आहे. पर्यटक व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत 6 महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम करता येतो आणि मोठ्या नाट्यशाळा उन्हाळ्यात काही आठवड्यांचे वर्ग चालवतात. काम मात्र अजिबात करता येत नाही.

प्रवेशासाठी ऑडिशन असते. साधारणपणे दोन स्वगते मागतात, एक शेक्सपिअरच्या किंवा त्याच्या काळातील नाटकातील आणि दुसरे आधुनिक नाटकातील, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे. यातील शेक्सपिअरचा धसका घेऊ नका, पण त्याच्या ओळीचा हिशेब समजून घ्या. त्या ओळीत साधारण दहा अक्षरे आणि पाच आघात असतात. आपल्याला भुजंगप्रयात किंवा शार्दूलविक्रीडित शाळेतच कानावर पडलेले असल्याने वृत्त म्हणजे लघु-गुरूंचा क्रम हे रक्तात असते, आणि आपली चूक नेमकी तिथेच होते, कारण आपले गुरू अक्षर लांबीने मोजले जाते आणि इंग्रजीतील आघात जोराने. मी पहिल्या स्वगताच्या ओळी वृत्तात म्हणाव्यात तशा लांबवून म्हटल्या, तेव्हा परीक्षक शांतपणे म्हणाल्या, ‘फार सुरेल झाले, पण तुम्ही कोणाशी बोलत होता?’ स्वगत निवडताना स्वतःच्या वयाचे पात्र घ्या, संपूर्ण नाटक वाचा, आणि स्पर्धेत टाळी घेणारी जागा शोधण्याची आपली जी सवय असते ती सोडा. इथे तुम्ही दिलेली सूचना पकडून तेच स्वगत लगेच वेगळ्या तऱ्हेने करू शकता का, हे पाहतात. तयार करून आणलेले घासूनपुसून झालेले सादरीकरण त्यांना अडथळाच वाटते.

आता उच्चारांबद्दल. मी लंडनमधील सिटी लिट या 1919 सालापासून चालणाऱ्या प्रौढ शिक्षणसंस्थेत संध्याकाळच्या वर्गाला जात असे. दुसऱ्याच आठवड्यात शिक्षिकेने मला ‘व्हेरी वेल’ म्हणायला सांगितले आणि हातात आरसा दिला. मला वाटत होते की मी दोन वेगळे उच्चार करते आहे. आरशात दिसले ते असे की पहिल्या शब्दाला माझे वरचे दात खालच्या ओठाला लागतच नव्हते. मी फक्त वाफ सोडत होते, आपण मराठीत ‘व्हिसा’ म्हणतो तशी. दुसऱ्या शब्दाला ओठांचा चंबू होत नव्हता. पंधरा दिवस मी आगगाडीत ओठ हलवत बसले होते आणि समोरचे प्रवासी जागा बदलत होते. दुसरा दोष आघाताचा. मराठीत आपण शब्दातील बहुतेक प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो; इंग्रजी एका अक्षरावर जोर देते आणि शेजारची अक्षरे गिळते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि मग पहिले अक्षर जवळजवळ नाहीसे होते. एवढे दोन दोष सुधारले की ऐकणाऱ्याला तुमचे बोलणे विनासायास कळते, आणि तुम्हाला साधायचे तेवढेच आहे. स्वतःचा मूळ स्वर पुसून टाकू नका. नटांच्या निर्देशिकेतील तुमच्या नोंदीत मूळ उच्चारशैली आणि येणाऱ्या भाषा हे वेगळे रकानेच असतात, आणि मराठी व हिंदी अस्खलित येणे हे तिथे भांडवल ठरते. तारा थिएटर 1977 पासून, तमाशा 1989 पासून आणि काली थिएटर 1991 पासून, अशा या तीन नाट्यसंस्था दक्षिण आशियाई लेखकांची व नटांची नाटके इंग्रजीत करत आल्या आहेत. त्यांच्या कार्यशाळांची सूचना आली की पहिल्याच दिवशी अर्ज करा. (आपल्याकडच्या तमाशाशी त्या नावाचा संबंध किती, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, नाटकमंडळी इंग्रजी बोलणारी आहेत, एवढेच सांगते.)

एजंटबद्दल माझी एक चूक सांगते. आल्यानंतर दुसऱ्या वर्षी एका एजन्सीने, तिचे नाव घेत नाही, माझी ‘निवड’ झाल्याचे कळवले आणि त्यांच्याच छायाचित्रकाराकडून फोटो काढण्यासाठी 340 पाउंड भरायला लावले. फोटो आले, काम एकही आले नाही. खरा एजंट तुम्हाला काम मिळाल्यावर तुमच्या मानधनातून टक्केवारी घेतो, ती साधारण 10 ते 20 टक्के असते. काम मिळण्याआधी पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नये. चांगला एजंट तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना पाहिल्याशिवाय सहसा घेत नाही, म्हणून नाट्यशाळेच्या शेवटच्या सादरीकरणाला एवढे महत्त्व. ते हुकले तर एखाद्या पबच्या वरच्या मजल्यावरील पन्नास खुर्च्यांच्या नाट्यगृहात चांगली भूमिका करावी आणि वीस एजंटांना नेमके, तीन ओळींचे आमंत्रण पाठवावे. माझ्या वेळी वीसांतून दोघे आले होते आणि त्यांतल्या एकीने मला घेतले.

नोंदीसाठी स्पॉटलाइट ही 1927 पासूनची नटांची निर्देशिका आहे. तिची वर्गणी दरवर्षी भरावी लागते आणि मान्य प्रशिक्षण किंवा व्यावसायिक कामाचा पुरावा दिल्याशिवाय ती घेतली जात नाही. भूमिकांच्या बहुतेक सूचना तिच्यामार्फतच एजंटांकडे जातात. फोटो मात्र चेहरा आज जसा आहे तसाच हवा. लग्नातल्यासारखा मेकअप केलेला फोटो पाहून बोलावले आणि समोर दुसरीच बाई उभी राहिली तर कास्टिंगवाले वैतागतात.

आजकाल पहिली फेरी बहुधा घरूनच होते. संहितेची दोन पाने संध्याकाळी येतात आणि परवा सकाळपर्यंत चित्रीकरण पाठवायचे असते, त्याला सेल्फ-टेप म्हणतात. त्यासाठी साधी, फिक्या राखाडी किंवा निळसर रंगाची भिंत, समोरून येणारा उजेड आणि आडवा धरलेला मोबाइल पुरेसा असतो. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळवंडतो. समोरच्या पात्राची वाक्ये वाचणाऱ्याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, तुमच्यापेक्षा हळू आवाजात वाचावे आणि तुम्ही भिंगात न पाहता त्याच्याकडे पाहावे. आमच्याकडे हे काम यजमान करतात. खून झालेल्या माणसाच्या भावाची वाक्ये ते विजेचे बिल वाचावे तशी वाचतात, आणि खरे सांगायचे तर समोरचा इतका सपाट वाचत असला की माझे काम आपोआप आवरते घेतले जाते. इथे येण्याची वाट न पाहता आठवड्याला एक टेप करायला आजपासूनच सुरुवात करा आणि महिन्यानंतर पहिली टेप पुन्हा पाहा.

पैशांचे वास्तवही ऐका. गेल्या वर्षी मी एकूण 19 दिवस पैसे घेऊन अभिनय केला. उरलेले वर्ष एका ग्रंथालयातील अर्धवेळ नोकरीवर निघाले. अशी नोकरी निवडताना पगारापेक्षा दोन दिवसांच्या सूचनेवर रजा मिळेल का, हे पाहा. ग्रॅज्युएट व्हिसावर काम सुरू झाले आणि 6 एप्रिल ते 5 एप्रिल या करवर्षात स्वयंरोजगाराचे उत्पन्न 1,000 पाउंडांच्या वर गेले की करखात्याकडे नोंदणी करून पुढच्या 31 जानेवारीपर्यंत विवरणपत्र भरावे लागते. वर्ग, प्रवास, वर्गणी यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवा. पैशांचे काम मिळाले की 1930 साली स्थापन झालेल्या इक्विटी या नटांच्या संघटनेचे सभासदत्व घ्या, कारण करारातील किमान मानधन कळते आणि अडचणीत वकिली सल्ला मिळतो. तिथे दोन सभासदांना एकच नाव वापरता येत नाही, तेव्हा तुमचे नाव आधीच कोणी घेतले असेल तर रंगमंचासाठी दुसरे शोधावे लागेल. माहेरचे आडनाव लावायचे की सासरचे, हे घरात आधीच बोलून ठेवा.

सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांचे अर्ज बहुधा आदल्या शरद ऋतूत खुले होतात आणि ऑडिशनच्या फेऱ्या हिवाळाभर चालतात, म्हणून या महिन्यात फक्त दोन पत्रे पाठवा. एक तुम्ही निवडलेल्या तीन संस्थांना, पदवी कोणती मिळते आणि त्या पदवीवर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो का, एवढेच विचारणारे. दुसरे यजमानांच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला, लंडनला बदली होण्याची शक्यता विचारणारे. दोन्हींची उत्तरे आली की मला कळवा. स्वगतांची निवड आपण त्यानंतर बोलू.