शेवटचा पोरगा आत जाईपर्यंत

प्रिय बाळ,

तुझा मेसेज पावणेबाराला आला तेव्हा मी जागाच होतो. फायनलच्या रात्री मला झोप येत नाही, आपण जिंकलो तरी. आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा टी-शर्ट पायपुसण्याला दिलास आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची पायरी परत चढणार नाही म्हणालास. टायब्रेकरला तुझ्या भावाचा चेंडू बारवरून गेला. आपल्याच गल्लीतल्या पोरांनी त्याला आईवरून शिव्या घातल्या, म्हणजे तुझ्याच आईवरून. आणि तू उठून बाहेर पडलास. आज तीन दिवस झाले. वहिनी सांगत होत्या, दोघं एका खोलीत झोपता पण बोलत नाही.

भल्याभल्यांच्या पेनल्टी हुकल्यात, 1994 च्या वर्ल्डकप फायनलला रॉबर्टो बॅजिओनंही बारवरून मारली, हे तुला एव्हाना दहा जणांनी ऐकवलं असेल. मी ते सांगायला बसलेलो नाही. पेनल्टी तुझ्या भावाची हुकली. तुझं काय हुकलं, ते लिहितोय. तू उठलास. हरल्यावर शेवटचा पोरगा मैदानातून आत जाईपर्यंत जागा सोडायची नाही. तू सोडलीस.

रागावलो असं समजू नकोस. थोडा रागावलोय, पण त्याचं कारण वेगळं आहे.

1986 चा उन्हाळा. माझा जिवलग दोस्त आपल्या तालमीचा गोलकीपर. एका बाकावर शिकलो, एका सायकलवर फिरलो, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर एकमेकांचे पैसे देत वाढलो. फायनलला स्टेडियम गच्च भरलेलं, हलगी-घुमक्यानं कान बंद झालेले. सामना बरोबरीत आणि शेवटची पाच-सहा मिनिटं उरलेली. त्यांच्या मधल्या फळीतल्या एकानं लांबून साधा फटका मारला. चेंडू टप्पा पडून आला, माझ्या दोस्ताच्या दोन्ही हातांतून निसटला आणि पायांमधून गोलात गेला. इतका हळू गेला, की त्यावरची शिवण मला अजून दिसते. तो वळला, जमिनीवर झेपावला, बोटं लागली पण चेंडू रेषेच्या आत गेला होता.

मी शिवी दिली नाही. मी त्याहून वाईट केलं. शिट्टी व्हायच्या आधीच उठलो आणि मान खाली घालून गेटकडं चालायला लागलो. ‘ह्याचाच दोस्त तो’ असं कुणी म्हणू नये म्हणून. खरं कारण एवढंच होतं. दु:ख वगैरे नंतर आलं.

महिनाभरानं त्यानं एकदाच विचारलं, “कुठं होतास रे? मी वर बघितलं. तुझी जागा रिकामी होती.”

मी काहीतरी थाप मारली. 29 जूनच्या रात्री अर्जेंटिनानं पश्चिम जर्मनीला 3-2 नं हरवलं, तेव्हा गल्लीतल्या एका टीव्हीसमोर अख्खी आळी बसली होती. तो आला नाही. हातमोजे त्यानं परत घातले नाहीत. आज आमचं येणं-जाणं आहे, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात आम्ही पंगतीत वाढलंय. पण फुटबॉलचा विषय निघाला की तो चहाचा कप उचलून आत जातो. एका गोलानं हे झालं, असं लोक म्हणतात. मला माहीत आहे, ते रिकाम्या जागेनं झालं.

तेव्हापासून मी उठत नाही. सामना पाटाकडील तालीम (पीटीएम) आणि दिलबहारचा असो, खंडोबा तालमीचा असो, प्रॅक्टिस क्लबचा असो, आपली तालीम खेळत नसली तरी. बक्षीस समारंभ, फटाके, गुलाल सगळं जिंकलेल्यांच्या बाजूला चाललेलं असतं. मी दुसरीकडं बघतो. कुणी बूट सोडत बसलेलं असतं, कुणी जर्सी तोंडावर ओढून घेतलेली असते. एका वर्षी नायजेरियाहून आणलेला एक स्ट्रायकर कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ एकटाच बसला होता. आदल्या आठवड्यात ज्याला खांद्यावर नाचवलं, त्याच्याजवळ त्या दिवशी कुणी फिरकलं नाही. मी खाली जाऊन पाण्याची बाटली दिली. त्यानं ती डोक्यावर ओतली आणि माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. ना मला त्याची भाषा, ना त्याला माझी.

तू लिहिलंयस, त्यापेक्षा मोबाईलवर रियल-बार्सिलोना बघत बसेन. जरूर बघ, मीही बघतो. पण तिथं कॅमेरा म्हणेल तिकडं बघावं लागतं, आणि कॅमेरा जिंकलेल्याच्या मागं पळतो. पायरीवर बसल्यावर कुठं बघायचं ते तू ठरवतोस. हे कळत नसेल तर खुशाल मोबाईल घेऊन बस.

2017 ला भारतात सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्डकप झाला. भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. घराला रंग द्यायला साठवलेले पैसे मोडून मी दिल्लीला गेलो. तुझ्या काकूनं आठ दिवस अबोला धरला. 9 ऑक्टोबर, कोलंबियाविरुद्ध. आपण 0-1 नं मागं. 82 व्या मिनिटाला कॉर्नरवर जेक्सन सिंग उंच उडाला आणि डोक्यानं चेंडू आत. वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल! अनोळखी सरदारजीच्या गळ्यात पडून मी रडत होतो आणि तेवढ्यात, एका मिनिटात, कोलंबियानं दुसरा घातला. रडणं संपायच्या आधी. 1-2. शेजारची रांग शिट्टीआधीच रिकामी झाली. मी बसून राहिलो.

त्याच स्पर्धेची फायनल कोलकात्याला, 28 ऑक्टोबरला. मी तिथंही गेलो, रंग तसाही राहिलाच होता. स्पेननं 31 मिनिटांत 2-0 केलं, दोन्ही गोल सर्जिओ गोमेझचे. मग इंग्लंडनं ओळीनं पाच मारले, 5-2. लोक इंग्लंडच्या फिल फोडनचं नाव घेत घरी गेले, आणि घ्यावंच, पोरगं तसंच खेळलं. पण मला तो गोमेझ आठवतो. वर्ल्डकपच्या फायनलला दोन गोल करून हरलेला सतरा वर्षांचा मुलगा. त्या वयात रात्री खोलीत जाऊन काय करत असेल कुणी?

या हट्टाची किंमतही पडली, तीही ऐक. माझी लेक चौथीत असताना तिच्या गॅदरिंगला मी सहाला पोचणार होतो. त्या दिवशी सेमीफायनल टायब्रेकरला गेली, हरलेली पोरं बराच वेळ मैदानातच बसून राहिली, आणि मी शाळेत पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या गोळा करत होता. ती पायरीवर बसली होती. नऊवारीतली, नथ तळहातावर काढून ठेवलेली. “बाबा, माझी कोळीगीतं झाली,” एवढंच म्हणाली. मी सांगतो, त्या पोरांसाठी कुणीतरी थांबायलाच हवं होतं. एकदा उठायला लागलं की प्रत्येक वेळी उठायला कारण सापडतं. आज तोच प्रसंग आला तर मी पुन्हा थांबेन, असं मी काकूला सांगतो, लेकीलाही सांगितलंय. तिनं त्यावर कधी काही म्हटलं नाही.

असो. मुद्द्यावर येतो.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा, हे तुला सांगायला नको. स्टेडियमपासून खासबाग केवढ्या अंतरावर आहे? 1912 चा आखाडा. आजोबांबरोबर मी तिथं जायचो. चितपट झालेला पैलवान अंगावरची माती तशीच घेऊन गर्दीतून चालत जायचा, आणि आजोबा मला कोपरानं ढोसायचे, “बघ त्याच्याकडं. खाली बघू नकोस.” खाली बघू नकोस, हे ते मला सांगायचे, पैलवानाला नव्हे.

शिव्या देणाऱ्यांचं म्हणशील, तर त्यांच्याशी भांडायला जाऊ नकोस. ईर्षेनं इथं दगड चाललेत, सामने बंद पडलेत, चांगल्या चांगल्या पोरांचा सीझन वाया गेलाय. त्यांच्या शेजारी बस. गप्प बस, पण बस. तुझा भाऊ दिवसभर कारखान्यात उभा राहतो आणि पहाटे सहाला सरावाला जातो. पाचवी पेनल्टी घ्यायला बाकीचे मागं सरकले तेव्हा हा पुढं आला. परत चालत येताना त्यानं वर, आपण बसतो तिकडं बघितलं. तुला हे माहीत नाही, कारण तू गेटात होतास. मी हात वर केला. त्याला मी नको होतो रे. तो माझ्या डावीकडं बघत होता.

माझ्या डावीकडं तू बसतोस.

भावाला माफी वगैरे मागू नकोस, त्याला अवघडल्यासारखं होईल. उद्या सकाळी तो सरावाला निघाला की त्याची बुटांची पिशवी तू उचल आणि मागं बस गाडीवर. रविवारी चार वाजता सामना आहे. आपला नाही, दुसऱ्या दोन तालमींचा. दोन तिकिटं काढून ठेवलीत. टी-शर्ट वहिनींनी फाडलेला नाही. घडी करून कपाटात ठेवलाय, मी विचारून घेतलंय.

तुझा,
काका