‘डब्यात कालवलंय’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

वाचकांचे प्रश्न : मनोरुग्ण परिचर्या

राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात मानसिक आजाराचा रुग्ण पहिल्यांदा पोचतो तो बहुतेक वेळा ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात, ड्युटीवर असलेल्या सिस्टर-ब्रदरपुढंच. या वेळचे प्रश्न त्यांचेच आहेत.

प्रश्न : तिशीतला रुग्ण आहे. ‘मह्या डब्यात कालवलंय, घरचे मारायला बसलेत,’ म्हणतो. जेवत नाही, गोळी घेत नाही. समजावलं की चिडतो. ‘बरं, खरंय तुमचं’ म्हणून वेळ मारून न्यावी का? त्याची आई तर म्हणते, गोळी वरणात घाला. – परिचारिका, जालना

उत्तर : दोन्ही नको. वाद घातलात की त्याच्या लेखी तुम्ही घरच्यांच्या बाजूच्या झालात. ‘हो’ म्हणालात तर उद्या तो सांगणार, सिस्टरसुद्धा म्हणत होत्या. असला भ्रम पुराव्यानं हटत नाही, औषध लागू पडलं की काही आठवड्यांत सैल पडतो. तोवर भीती कमी करणं आणि पोटात अन्नपाणी जाऊ देणं एवढंच तुमच्या हातात आहे. म्हणून विषावर बोलू नका, भीतीवर बोला : ‘जेवणात काही आहे असं वाटलं तर घास उतरणं अवघडच. मला तसं काही दिसत नाही. पण तुम्ही घाबरलाय, ते दिसतंय.’ ही तीन वाक्यं याच क्रमानं. मधलं गाळू नका, कारण ते गाळलं की तुमची मूक संमती होते. पण ते एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलं की तो पुन्हा वादच.

मग निवड त्याच्या हाती द्या. साल न काढलेलं केळ, कवचासकट उकडलेलं अंडं, बंद पुड्यातली बिस्किटं, सीलबंद पाणी. चार ताटं समोर ठेवून ‘यातलं हवं ते उचला’ म्हटलं तरी पुष्कळदा काम होतं. आधी स्वतः घास खाऊन दाखवायचा मोह मात्र आवरा. एका जेवणाला ते चालतं, नंतर दर जेवणाला तीच मागणी येते.

वरणातल्या गोळीचं म्हणाल तर आईचा जीव तुटतो, हे कळतं. पण एकदा का चुरा दाताखाली आला की तो म्हणत होता ते आपणच खरं करून दाखवलं. मग वरण तर सुटतंच, पाणीही सुटतं. गोळी त्याच्या डोळ्यांदेखत पट्टीतून काढा, नाव वाचून दाखवा. नको म्हणाला तर रेटू नका. अर्ध्या तासानं पुन्हा विचारा. तरीही नकार असेल तर नोंद करून डॉक्टरांना कळवा. घेतली तर ग्लासभर पाणी प्यायला द्या, दोन वाक्यं बोलतं करा, मग जिभेखाली आणि गालाच्या कडेला पाहा. गालात धरलेली गोळी नंतर थुंकली जाते किंवा उशीखाली साठते, आणि साठलेल्या गोळ्या एकदम घेतल्या जाण्याचा धोका असतो.

उभं राहायचं ते दोन हातांच्या अंतरावर, थोडं तिरकं, दार न अडवता. पाठीवरून हात फिरवू नका, एरवी तो कितीही मायेचा असो. त्याच्या नजरेच्या टप्प्यात दोघींनी कुजबुजायचं किंवा हसायचं नाही, ते स्वतःवरच आहे असं तो धरून चालतो. दिवसभरात पाणीसुद्धा गेलं नाही तर ड्युटी संपायची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्याला एक-दोन ‘औषध पिलेले’ येतात. नातेवाईक म्हणतात, चुकून पिला. शुद्धीवर आल्यावर मरणाचं विचारलं तर डोक्यात पुन्हा तेच येईल, अशी भीती वाटते. – स्टाफ नर्स, बीड

उत्तर : आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडं फवारणीचं विषही ‘औषध’ आणि तापाची गोळीही ‘औषध’. त्यामुळं रुग्ण दाखल करून घेताना नेमकं विचारा : ‘पिकावरचं का? बाटली कुठंय?’ डबी-बाटली घरी राहिली असेल तर कुणाला तरी लेबलाचा फोटो पाठवायला लावा.

दुसरं, वेळ. सेंद्रिय फॉस्फरसचं कीटकनाशक असेल तर त्यावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू असतं. ते जास्त झालं की तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, रुग्ण हवेत काहीतरी वेचतो, भलतंच बोलतो. त्या अवस्थेत घेतलेली मुलाखत कुचकामी. ते डॉक्टरांना दाखवायचं लक्षण आहे, त्याच्या मनातलं बोलणं नव्हे. शुद्ध नीट आली तरी विष घेतल्यापासून साधारण २४ ते ९६ तास डोळा ठेवा. या काळात मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. बोलायला बसलात की सहज म्हणा, ‘जरा उशीवरून डोकं उचला.’ उचलता येत नसेल तर गप्पा तिथंच थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा.

आता विचारण्याचं. सरळ विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. नातेवाइकांना ‘जरा चहा घेऊन या’ म्हणून बाहेर पाठवा, खुर्ची ओढून बसा : ‘औषध घेतलं तेव्हा मरून जावं असं मनात होतं का?’ पुढं, ‘आत्ता या घडीला तसं वाटतंय का?’, ‘आधी कधी असं केलं होतं का?’, ‘घरी अजून काही ठेवलेलं आहे का?’, आणि ‘कुणाकडं पाहून थांबावंसं वाटतं?’ ‘लेकरांचा विचार नाही केलास?’ हे वाक्य आपल्या तोंडात फार पटकन येतं. ते गिळा. त्यानं तो विचार केलेलाच असतो, आणि त्या प्रश्नानं तो मिटून जातो.

‘कुणाला सांगू नका’ म्हणाला तर खोटं वचन देऊ नका : ‘गावभर करणार नाही. पण तुमच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टरांना सांगणं भाग आहे.’ आताही मरायचं मनात आहे असं उत्तर आलं तर हाताच्या अंतरावर सतत माणूस, आणि तो कर्मचारी. रात्रभर जागून पेंगणारा भाऊ त्यात धरू नका. चादरीच्या पट्ट्या, ओढणी, सलाईनची सुटी नळी उचला, बाथरूमची आतली कडी लावू देऊ नका.

‘चुकून पिला’ यामागं पोलिसांची धास्ती असते. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होतेच. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ प्रमाणं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतात, आणि त्याला त्यासाठी शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलमही उरलेलं नाही. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की खरं काय झालं ते संध्याकाळपर्यंत कळतं. रुग्णाला घरी सोडताना फवारणीच्या बाटल्या कुलपात ठेवायचं घरच्यांकडून कबूल करून घ्या, किल्ली कुणाकडं तेही लिहा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कार्डावर लिहून द्या.

प्रश्न : पुस्तकात संवादाची पंधरा-वीस तंत्रं आहेत. वॉर्डात नैराश्याच्या मावशींपुढं बसलं की त्या बोलतच नाहीत. काय करू? – नर्सिंग विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : ‘मावशी, मी दहा मिनिटं इथं बसते. बोललंच पाहिजे असं नाही.’ एवढं म्हणा आणि खरोखर बसा. मोबाईल खिशात, केसपेपर बंद. अकराव्या मिनिटाला उठा आणि पुढची वेळ सांगा : ‘चार वाजता परत येते.’ चारला या. सव्वाचार चालत नाही. नैराश्यात ‘माझ्यासाठी कोण थांबतंय’ हे मनात घट्ट बसलेलं असतं. तुमचं वेळेवर येणं त्याला रोज थोडं खोटं पाडतं, आणि तेही न बोलता.

त्या बोलल्या तर प्रश्न लहान ठेवा आणि उत्तराला वेळ द्या. या आजारात विचारच मंदावतात, आपण मात्र तीन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकून मोकळे होतो. ‘का’ टाळा. ‘काहून जेवल्या नाहीत?’ हे आपल्याकडं रागावल्यासारखंच ऐकू येतं. ‘आज जेवण कसं गेलं?’ म्हणा. ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य म्हणणाऱ्याचीच घालमेल शांत करतं.

अमेरिकन परिचर्या-तज्ज्ञ हिल्डगार्ड पेप्लॉ यांनी १९५२ मध्ये परिचारिका-रुग्ण नात्याचे टप्पे मांडले. त्यातला शेवटचा, नातं संपवण्याचा टप्पा विद्यार्थी हमखास विसरतात. पोस्टिंग संपायची तारीख मावशींना पहिल्या दिवशीच सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी तुम्हीही सोडून गेलेल्यांच्या यादीत जाता. आणि नोंदीत ‘रुग्ण शांत’ लिहू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. ‘दुपारी दोनला म्हणाल्या : माझा घरात काही उपेग नाही’ असं, त्यांच्याच शब्दांत लिहा.

प्रश्न : हॅलोपेरिडॉलचं (भ्रम आवरणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन दिलं. रात्री मुलाची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले. घरचे म्हणाले अंगात आलं, अंगारा लावू द्या. – ब्रदर, नांदेड

उत्तर : हा औषधाचा परिणाम, स्नायू आखडण्याचा. तरुण पुरुषांत आणि पहिल्या चार-पाच दिवसांत जास्त. रुग्ण शुद्धीवर असतो, दुखतं आणि तो भयंकर घाबरतो. डॉक्टरांच्या आदेशानं प्रोमेथाझिन दिलं की बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. घसा आवळून श्वासाला आवाज येत असेल तर एक मिनिटही थांबू नका. अंगाऱ्यावरून भांडू नका, तो कपाळाला लावून होईस्तोवर इंजेक्शन भरून होतं. रुग्णाच्या कानाशी मात्र सांगत राहा : ‘हे औषधानं झालंय, उतरणार आहे, मी इथंच आहे.’ इंजेक्शन देण्याआधीच हे सांगून ठेवलं असतं तर घरचे अंगाऱ्यापर्यंत गेलेच नसते.

यापेक्षा फसवी ती पायातली तगमग. रुग्ण एका जागी बसत नाही, येरझाऱ्या घालतो. आजार वाढला समजून तेच औषध आणखी दिलं जातं आणि तगमग दुप्पट होते. ‘मन बेचैन आहे की पाय राहवत नाहीत?’ एवढं विचारून पाहा.

प्रश्न : लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असलेली बाई दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार. घरी सोडताना काय सांगू? – परिचारिका, धाराशिव

उत्तर : कारखाना कोणता, तळ कुठं, आणि त्या जिल्ह्यात मनोविकार ओपीडी कुठल्या वारी असते, हे आधी शोधून चिठ्ठीवर लिहा. पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. लिथियम जास्त गेलं तर जिवावर बेततं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० (mEq/L) मध्ये हवी, १.५ च्या वर धोका. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी.

फडात पातळी चढण्याची कारणं ठरलेली : घाम, कमी पाणी, जुलाब, कडक उपास, आणि मोळ्या वाहून पाठ धरली की दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. तिला सांगा, ‘पाठ दुखली तर पॅरासिटामॉल, दुसरी नाही. मीठ एकदम सोडायचं नाही. हात जोरात थरथरले, उलट्या-जुलाब लागले, चालताना झोक गेला, तर गोळी थांबवून दवाखाना.’ चुकलेली गोळी पुढच्या वेळी दोन करून भरायची नाही. पाळी चुकली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. हे सगळं कोयत्यातल्या जोडीदारालाही सांगा, कारण गोळ्यांची पिशवी त्याच्याकडं असते. मग ‘कळलं का?’ असं विचारू नका, मान सगळेच हलवतात. ‘पाठ दुखली तर काय घेणार, सांगा बरं,’ म्हणा आणि दोघांकडून वदवून घ्या.

प्रश्न : बरा होऊन घरी जाणारा रुग्ण माझा मोबाईल नंबर मागतो. – परिचारिका, हिंगोली

उत्तर : देऊ नका. ‘माझा नाही देता येत. वॉर्डाचा हा घ्या, कुणीतरी उचलेलच,’ म्हणा आणि तो नंबर त्याच्या कार्डावर स्वतःच्या हातानं लिहा.