कॅलिफोर्नियात ट्रम्पना साठ लाख मतं

ताई, मुलगा शिकायला इकडे येतोय आणि बातम्या बघून तुम्हाला धास्ती बसलीय. अमेरिका खरंच दुभंगलीय की पत्रकार तसं रंगवतात, असं विचारलंत. दुभंगलीय, पण टीव्हीवर दिसते तशी नाही.

आधी कोणतं राज्य कोणत्या पक्षाने जिंकलं ते दाखवणारा तो लाल-निळा नकाशा डोक्यातून काढा. 1980 मध्ये एनबीसी या टीव्ही वाहिनीने रिपब्लिकन रेगन यांची राज्यं निळी दाखवली होती. रिपब्लिकन म्हणजे लाल आणि डेमोक्रॅट म्हणजे निळं हे रूढ झालं 2000 मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडाचा निकाल महिनाभर लटकला आणि तोच नकाशा रोज पडद्यावर राहिला तेव्हा. आता हे बघा: 2020 मध्ये ट्रम्पना सगळ्यात जास्त मतं पडली ती कॅलिफोर्नियात, साठ लाखांवर, टेक्साससुद्धा मागे. पण तिथे डेमोक्रॅट जिंकले, म्हणून नकाशात मात्र अख्खं राज्य निळं. ही साठ लाख माणसं कुठे गेली?

मी एकवीस वर्षं पेन्सिल्व्हेनियात आहे. निवडणूक आली की बाहेरचे वार्ताहर इथल्या डायनरमध्ये, म्हणजे साध्या खाणावळीत, कॅमेरे घेऊन येतात. एकदा मी तिथेच नाश्ता करत होते. शेजारच्या टेबलावरचे, ट्रम्प समर्थकांची लाल टोपी घातलेले आजोबा बायकोच्या इन्सुलिनच्या खर्चाबद्दल पोटतिडकीने बोलत होते, चांगली पाच मिनिटं. रात्री बातमीत त्यांचं एकच वाक्य लागलं, सीमेवरच्या भिंतीचं. इन्सुलिनचं सगळं कापलं. मला अजून त्याचा राग येतो, कारण त्या एका बाबतीत डायनरमधल्या दोन्ही बाजूंच्या माणसांचं दुखणं एकच होतं.

चॅनलांना प्रेक्षक दुरावतील ही भीतीही असते. डॉमिनियन या मतदानयंत्रांच्या कंपनीच्या दाव्यात उघड झालं की ट्रम्पच्या बाजूकडे झुकलेल्या फॉक्स न्यूज चॅनलच्या काही निवेदकांचा 2020 च्या निवडणुकीतल्या गैरप्रकारांच्या आरोपांवर स्वतःचाच विश्वास नव्हता, तरी ते आरोप चॅनलवर चालत राहिले. 2023 मध्ये फॉक्सने 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला.

माझ्या मते त्याहून मोठं नुकसान गावातली वृत्तपत्रं बंद पडल्याने झालं. 2005 पासून देशातली एक तृतीयांशाहून जास्त गेली. आमचं साप्ताहिकही गेलं. त्यात स्कूल बोर्डाच्या, म्हणजे गावातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, बैठकीचा वृत्तांत यायचा: बसचा मार्ग, प्रॉपर्टी टॅक्स, कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिलं. आता त्याच बैठकीत लोक केबलवर ऐकलेली भांडणं घेऊन येतात, आणि बसचा विषय राहूनच जातो.

मुलाचं विद्यापीठ कोणत्या गावी आहे ते कळवा. तिथलं वृत्तपत्र अजून निघतंय का ते बघून सांगते. निघत असेल तर त्याला महिनाभर तेच वाचू द्या.