गावठी मेंढ्यांवर मोठ्या जातीचा नर लावावा का, आणि संकरित माद्या पुढे ठेवाव्यात का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पंधरा गावठी मेंढ्या आहेत, जागा बेताची आहे, मोठ्या अंगाचा नर आणला तर कोकरं वजनदार होतील का, आणि त्याच संकरित माद्या राखत गेलं तर कळप सुधारेल का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं बहुतेक वेळा नाही, आणि नुकसान होतं ते याच दुसऱ्या पायरीवर. मी स्वतः लहानच कळप राखतो, त्यामुळे मोठ्या फार्मचे सल्ले इथे देत नाही.

आधी संकरातून नेमकं काय मिळतं ते बघा. समजा तुमच्या जातीचं कोकरू तीन महिन्यांचं झाल्यावर १४ किलो भरतं आणि नराच्या जातीचं २०. मग संकरित कोकरू दोन्हींच्या मधोमध, म्हणजे १७ च्या आसपास भरायला हवं. ते १८ भरलं, तर वरचा एक किलो हा संकरजोम. म्हणजे वजनातली बरीचशी वाढ नराच्या जातीमुळे आलेली असते, संकरजोमाचा वाटा लहान. संकरजोम जास्त दिसतो तो कोकरू जगण्यात, मेंढी वेळेवर गाभण राहण्यात, दूध पुरण्यात. या गोष्टी निवड पद्धतीनं फार सावकाश सुधारतात, संकरानं पहिल्याच पिढीत फरक पडतो. विक्रीला जास्त कोकरं उरली तर तो फरक एक किलो वजनापेक्षा मोठा असतो.

आता पुढची पिढी. संकरित मादीला संकरित नर दाखवला की संकरजोम निम्म्यावर येतो, शिवाय कोकरं एकसारखी राहत नाहीत. एक आजीवर जातं, एक आजोबावर, आणि गिऱ्हाईक दोन्हींना एकच भाव देत नाही. संकरित मादीला पुन्हा तोच मोठ्या जातीचा नर लावला तरी जोम निम्माच उरतो, वर मेंढीचं अंग वाढत जातं. मोठी मेंढी वर्षाचे बारा महिने जास्त खाते, कोकरू मात्र वर्षातून एकदाच देते. थोड्या चाऱ्यावर तगणारी तुमची काटक मेंढी हेच तुमचं खरं भांडवल आहे, असं माझं ठाम मत आहे.

यावर कुणी म्हणेल, संकरातूनच तर नव्या जाती झाल्या. झाल्या खऱ्या. मेरिनो आणि लिंकनमधून कॉरिडेल झाली, १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत डॉर्सेट हॉर्न आणि ब्लॅकहेड पर्शियनमधून डॉर्पर झाली. पण त्यामागे मोठे कळप, काटेकोर नोंदी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची छाटणी होती. पंधरा मेंढ्यांत छाटायला उरणार काय?

मोठं अंग हाच संकराचा हेतू असतो असंही नाही. सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगानं अगदी लहान, पण जुळी-तिळी देते, कारण तिच्यात फेकबी नावाचा जनुक आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तो दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. त्यांनी पुन्हा पुन्हा मोठ्या अंगाच्या स्थानिक मेंढीशीच संकर केला, म्हणजे गरोळचा जनुक तेवढा राहिला आणि तिचं लहान अंग मागे पडलं. असा नर मिळाला तर घ्यायला हरकत नाही, पण दोन कोकरांना पुरेल एवढं दूध मेंढीला असेल, तुमच्याकडे खुराक असेल, तरच. नाहीतर जुळं होऊन एक मरतं आणि दुसरं खुरटतं.

तर तुमच्यासाठी मला सुचतं ते असं. एक मेंढी पाच-सहा वेळा विते, म्हणजे दर वर्षी तीनेक माद्या बदलाव्या लागतील. तीन चांगल्या निवडायला हातात पाच-सहा मादी कोकरं हवीत, म्हणून निम्म्याहून थोड्या जास्त मेंढ्या आपल्याच जातीच्या नराला दाखवा. चांगलं दूध देणाऱ्या, जुळी सांभाळून वाढवणाऱ्या मेंढ्या यात घ्या. पहिलटकरणीही इकडेच. मोठ्या जातीच्या नराचं कोकरू डोक्यानं आणि खांद्यानं मोठं असतं, ते पहिल्या वेतात अडतं. उरलेल्या मेंढ्यांना मोठा नर लावा आणि त्यांची सगळी कोकरं, नर आणि मादी दोन्ही, विकून टाका. एखादी संकरित मादी फार देखणी निघते, तेव्हाच ती राखायचा मोह आवरायचा असतो.

दोन वाडे करणं शक्य नसेल तर आधी आपल्या जातीचा नर १७ दिवस सोडा. मेंढीचा माज साधारण तेवढ्याच दिवसांनी फिरतो, त्यामुळे प्रत्येकीला एक संधी मिळते. मग आठ-दहा दिवस एकही नर ठेवू नका, आणि नंतर मोठा नर सोडा. मेंढी १४७ ते १५० दिवसांनी विते, त्यामुळे तारखेवरून कोकरू कुणाचं ते कळतं. नराच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावला तर कोणती मेंढी कधी फळली तेही दिसतं. या पद्धतीत पहिल्या नराकडे जास्त मेंढ्या जातात, हा तिचा दोष. उसना नर आणणार असाल तर आधी दोन-तीन आठवडे वेगळा बांधा आणि पशुवैद्यकाकडून ब्रुसेलाची (मेंढ्यांत गाभ टाकवणाऱ्या संसर्गाची) तपासणी करून घ्या. नराला नुकताच ताप येऊन गेला असेल, तर पुढचे दीड-दोन महिने त्याच्यावर विसंबू नका, वीर्य खराब असू शकतं.

कोकरं सांभाळण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण संकराचा पैसा तिथेच राहतो किंवा जातो. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. तेव्हा पोटात जागा कमी असते आणि मेंढी पेंढा भरपूर खाऊ शकत नाही, म्हणून थोडा पण कसदार खुराक द्यावा लागतो. जुळी असलेली मेंढी त्या दिवसांत खाणं सोडून सुस्त उभी राहिली तर पशुवैद्यकाला बोलावणं उद्यावर टाकू नका.

व्याल्यावर सगळ्यात महत्त्वाचा चीक. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, ती चिकातून येते, आणि आतड्यातून ती शोषली जाण्याची वाट २४ तासांत बंद होते. पहिल्या दोन-तीन तासांत वजनाच्या दर किलोला ५० मिली आणि दिवसभरात २०० मिली, हे माप धरा. तीन किलोच्या कोकराला म्हणजे दिवसात ६०० मिली. सड पिळून चिकाचा बोळा काढा, बऱ्याचदा तोच अडून बसलेला असतो. आईला चीक कमी असेल तर दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चालतो. जास्तीचा बाटलीत गोठवून ठेवा आणि कोमट पाण्यात धरून पातळ करा. उकळला तर कामाचा राहत नाही. नाळेला लगेच टिंक्चर आयोडीन लावा.

कोकराच्या तोंडात बोट घालून बघायची सवय लावा. तोंड गार लागलं तर ते थंडीनं गारठलंय. मान धरता येत नसेल तर तोंडात दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं. जन्मून पाच-सहा तास उलटलेल्या अशा कोकराला नुसतं शेकणंही धोक्याचं असतं, कारण अंगातली साखर संपलेली असते. आधी डॉक्टरांकडून ग्लुकोज.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कोकरांनाच शिरता येईल अशी फट ठेवून आत खुराक आणि कोवळा चारा ठेवा. आईचं दूध तीन-चार आठवड्यांनंतर उतरायला लागतं. इथे एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली: आंत्रविषारानं, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष तयार होऊन, मरतं ते बहुधा वाड्यातलं सगळ्यात गुटगुटीत कोकरू, खुराकावर तुटून पडणारं. तुमची संकरित कोकरं नेमकी तशी असणार. म्हणून मेंढीला विण्याआधीच्या महिन्यात आंत्रविषाराची लस द्या, तिची शक्ती चिकातून उतरते. कोकरांना पुढे स्वतःचे दोन डोस द्या आणि खुराक हळूहळू वाढवा. तीन महिन्यांनंतर आईपासून तोडा, आणि नर कोकरं चार महिन्यांच्या आत वेगळी करा, नाहीतर बहिणी गाभण राहतील.

खुराकात गाईम्हशींचं खनिज मिश्रण मात्र कालवू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साचत जातं आणि एक दिवस चांगली दिसणारी मेंढी कावीळ होऊन मरते. मेंढ्यांसाठीचं वेगळं मिळतं, तेच घ्या.