चौकट बदलण्याआधी वाळवीची वाट शोधा

तुमची अडचण वाचली आणि आमच्याच दाराबद्दल कुणी लिहिलंय असं वाटलं. गोव्यात फोंड्याजवळ चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं) जुनं घर, मुख्य दाराच्या उजव्या बाहीत, म्हणजे चौकटीच्या उभ्या लाकडात, खालून वीतभर उंचीपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर सहज आत जातो, वरचा रंग मात्र शाबूत. मेस्त (सुतार) म्हणतो सगळी चौकट काढा, पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो एक फवारणी पुरे, आणि तुम्हाला चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, सगळं उरकायचंय. डिचोलीला आमच्या घरी हेच झालं होतं. मी सुतार नाही, इंजिनिअरही नाही. स्वतःच्या हाताने चौकट दुरुस्त केलेला माणूस म्हणून सांगतो, त्याच बेताने घ्या.

आधी चवथीचं बोलू. घराला पाहुणे येणार, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, दार नीट दिसलं पाहिजे हे मला कळतं. पण आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत लाकूड आतून ओलं असतं. ओल्या लाकडाला ना इपॉक्सी धरत, ना प्रायमर, आणि जमिनीत घातलेलं औषध पाण्याबरोबर वाहून जातं. खरं काम नोव्हेंबरनंतर करा. तोवर बाहीचा कुजका भुगा काढून ती उघडी ठेवा म्हणजे वारा लागेल, आणि समोरून झड येत असेल तर चुडतं (माडाच्या झावळ्या) किंवा ताडपत्री लावून ती अडवा. सण आहे म्हणून वरून पुट्टी आणि रंग फासू नका. आत ओल कोंडते आणि वाळवीला अंधार मिळतो, तिला हवं असतं ते एवढंच.

आता ज्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आम्ही एका पेस्ट कंट्रोल कंपनीला बोलावलं. नाव घेत नाही. दोन मुलं आली, पाठीला पंप. चौकटीवर आणि शेजारच्या भिंतीवर मातीच्या नळ्या चढलेल्या होत्या, वाळवी जमिनीतून वर येताना बांधते तशा. त्या मुलांनी पहिलं काम काय केलं, तर झाडूने त्या सगळ्या नळ्या खरडून काढल्या. "साफ करून घेतो, मग औषध नीट बसतं." मग रंगावरूनच फवारणी, सही, पावती आणि अनेक वर्षांची हमी लिहिलेला छापील कागद. जमिनीला एक भोक नाही, लाकडाला एक भोक नाही. टाइल्स फुटतील म्हणून ड्रिलिंग करत नाही, असं उत्तर मिळालं.

त्या नळ्या म्हणजे वाळवीचा नकाशा असतो. कुठून निघाली, कुठल्या फटीतून भिंतीत शिरली, बाहीत कुठल्या उंचीवर घुसली, हे सगळं तिथे दिसतं. तोच पुसला गेला. फवारणीने उघड्यावरची वाळवी मेली, घर स्वच्छ दिसलं आणि आम्ही सागवानी नवी बाही बसवून घेतली. पुढच्या पावसानंतर बोटाने ठोकून पाहिलं तर नवी बाही पोकळ वाजत होती. आता वाळवी बाहेरून येतच नव्हती, गिलावा आणि चिरा यांच्या मधल्या फटीतून थेट चौकटीच्या पाठीत शिरली होती.

ऑफिसला फोन केला. आधी म्हणाले, मेस्ताने आणलेल्या लाकडातूनच वाळवी आली असेल. मग म्हणाले, हमी म्हणजे पुन्हा फवारणी करून देऊ, लाकडाची भरपाई त्यात येत नाही. लेखी पत्राला उत्तरच नाही. बाहीचे पैसे गेले, मजुरी गेली, फरशी पुन्हा उकरावी लागली. याची चीड अजून जात नाही, कारण अर्ध्या तासाची नीट पाहणी केली असती तर हे सगळं टळलं असतं. शेवटी एका वयस्क गवंड्याने बाल्कांवच्या (दारापुढच्या ओसरीच्या) पायरीखाली खणलं, तर पूर्वी कधी तरी फरशी घालताना भरावात टाकलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या. वाळवीने पोखरलेल्या. तिथून चौकटीपर्यंत सरळ वाट होती.

म्हणून आज एकच करा, नळ्या फोडू नका. मोबाइलने सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मग एखादीच नळी मध्यावर बोटभर फोडा. एक-दोन दिवसांत पुन्हा बुजली तर वाट चालू आहे. नळ्या आधीच गेल्या असतील तर खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचा भिजवलेला तुकडा बाहीच्या पायाशी, पायरीच्या कोपऱ्यात, कुंड्यांच्या मागे ठेवा आणि अधूनमधून उचलून पाहा. वाळवीला ओला पुठ्ठा फार आवडतो, ज्या बाजूने खायला लागेल ती तिची बाजू. भिंतीला टेकवलेली जळाऊ लाकडं, माडाचा जुना बुंधा, अंगणातल्या रद्दीच्या थप्प्या हेही तपासा.

आधी हेही पाहा की ही वाळवीच आहे ना. आत माती आणि रेषेरेषेने पोखरलेले थर दिसले तर वाळवी. लाकूड काळपट-तपकिरी होऊन चौकोनी चिरांनी फुटत असेल आणि माती कुठेच नसेल तर ती पाण्याने आलेली कूज. टाचणीएवढी भोकं आणि पिठासारखी पावडर पडत असेल तर तो भुंग्यासारखा लहान किडा, त्याला जमिनीत औषध घालून काही उपयोग नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिली दोन एकत्रच असतात: आधी पाणी लाकूड मऊ करतं, मग वाळवी येते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कूज वाढत नाही. त्यामुळे पाणी कुठून येतं ते न शोधता केलेली दुरुस्ती वाया जाते.

पाण्याच्या बाबतीत माझा सगळ्यात मोठा संशय उंबरठ्यावर. रोज सकाळी उंबरठा धुवायचा, त्यावर पाणी शिंपडायचं ही आपली रीत, ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण बाहीचं टोक त्याच पाण्यात उभं असतं, आणि लाकडाचं कापलेलं टोक पाणी सर्वात जास्त ओढतं. उंबरठ्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि बाहीचं टोक फरशीत गाडलेलं नको. आम्ही खाली ग्रॅनाइटचा तुकडा बसवून बाही त्यावर उभी केली. चौकटीला चिकटून सिमेंटचा गिलावा चढवायची सवय मला मुळीच पटत नाही, सिमेंट ओल धरून ठेवतं आणि लाकडाला वाळू देत नाही. कुजलेल्या भोकात सिमेंट किंवा पीओपी भरणारे मेस्तही बघितलेत. भरू देऊ नका.

औषध. जुन्या घरातल्या वाळवीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, भाग ३. त्या पद्धतीत भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण दर ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध भरतात, एका भोकात जास्तीत जास्त एक लिटर. लाकूड आणि भिंत यांच्या सांध्यात ६ मिलिमीटरची भोकं खाली ४५ अंशात तिरपी पाडून प्रत्येकी अर्ध्या लिटरपर्यंत. क्लोरपायरिफॉस २० ईसी (२० टक्के तीव्रतेचं वाळवीचं औषध) वापरणार असतील तर १ टक्का द्रावण, म्हणजे १ लिटर औषधात १९ लिटर पाणी. हे तोंडपाठ करा, कारण पंपात काय ओतलंय ते तुम्ही उभं राहून पाहिलं तरच नीट होतं. कामाआधी कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: औषधाचं नाव, प्रमाण, भोकं कुठे आणि किती अंतरावर, आणि वाळवी परत आली तर नक्की काय करणार. लिहून द्यायला नकार दिला तर दुसरा माणूस बघा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पावती जपून ठेवा.

आणि विहीर! आपल्या घरांना दारापासून दहा पावलांवर विहीर असते आणि चिरा सच्छिद्र. विहिरीजवळच्या जमिनीत ही औषधं घालू नका, कंपनीवाल्याने विचारलं नाही तरी तुम्ही अडवा. आमच्याकडे त्या मुलांनी विहिरीबद्दल एक शब्द विचारला नव्हता. विहीर जवळ असेल तर खणून वाळवीचा चारा काढून टाकणं, कोरडं ठेवणं आणि लाकडाला टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं पाणी (साधारण तीनास दोन प्रमाणात) एवढ्यावरच भर द्या. ते लाकडात मुरतं, पण पावसाने धुऊनही निघतं, म्हणून वाळल्यावर वरून रंग हवाच.

प्रत्यक्ष लाकूडकाम तुलनेने सोपं आहे. दाराची फळी आधी उतरवा. जुन्या चिऱ्यांच्या घरात चौकटीवरचा भार लाकडी तुळईवर असतो, तीही पोकळ नाही ना ते ठोकून बघा. वर भिंतीला तिरकी चीर असेल किंवा गणेशपट्टी वाकली असेल तर हात लावू नका, जाणत्या गवंड्याला बोलवा. बाकी ठीक असेल तर टेकू लावून, चांगलं लाकूड लागतं त्याच्याही वर वीतभर जाऊन बाही कापा. काप तिरपा: बाहेरच्या अंगाला खाली, आत वर, म्हणजे वरून ओघळणारं पाणी सांध्यात शिरत नाही. सांध्याची लांबी बाहीच्या जाडीच्या निदान दुप्पट. इपॉक्सी आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. आपल्या खाऱ्या हवेत साधे स्क्रू आणि होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) गंजतात, आणि तो गंज लाकूडही खातो. खालची बिजागरी ज्या भागात येते तिथवर पोकळ असेल तर जोड देण्यात वेळ घालवू नका, पूर्ण बाही बदला. पूर्ण चौकट बदलायची गरज मात्र क्वचितच असते. मेस्त तसं म्हणतो कारण त्याला ते सोपं पडतं.

लाकूड सागवान, फणस किंवा माट्टी, जे मिळेल ते, पण गाभ्याचं. सागाचा बाहेरचा पांढुरका भाग वाळवी आनंदाने खाते आणि वखारीत पॉलिश मारून तोच सागवान म्हणून विकला जातो. रंध्याचा हात मारून आतला रंग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बसवण्याआधी पाठीला आणि टोकाला प्रायमरचे दोन हात द्या, नंतर तिथे ब्रश पोचत नाही. जुनी माणसं काजूच्या टरफलाचं तेल लावायची, मीही चौकटीच्या पाठीला लावलंय आणि माझा त्यावर विश्वास आहे. हातमोजे घालूनच लावा, कातडीवर फोड येतात. डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) चौकटीला वाळवी लागत नाही हे खरं, पण आपल्या जड जुन्या फळ्यांचे स्क्रू त्यात नीट धरत नाहीत असं माझं मत. हलकं दार असेल तर विचार करा.

तुमची विहीर दारापासून किती अंतरावर आहे, बाल्कांवची फरशी नंतर घातलेली आहे का, आणि बाहीच्या पायाचा फोटो, एवढं कळवा. त्यावरून भोकं कुठे पाडायची ते नेमकं सांगता येईल.